काचेच्या इमारती आणि टक्केवारीची फी

मंडळी, आज थोडे भांडायचे आहे. भांडण आर्किटेक्ट लोकांशी, म्हणजे आपल्याच भाचे-पुतण्यांशी!

पुण्या-मुंबईत पाहावे ती नवी कचेरी काचेने मढवलेली. काच ऊन आत घेते आणि उष्णता आतच कोंडते. मग एसी लावा, पडदे ओढा आणि भर दुपारी दिवेही लावा! विचारले, तर उत्तर तयार : "गिऱ्हाईकच मागते."

मला हे पटत नाही. रोगी मागेल ते औषध चांगला डॉक्टर देतो का?

मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता. चार्ल्स कोरिया यांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीच्या गच्चीच्या रूपात २८ मजली कांचनजंगा इमारतीत (१९८३) नेला. गिऱ्हाईक तिथेही श्रीमंतच होते! केरळात लॉरी बेकर यांनी विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवली. विटा सुमारे २५ टक्के वाचल्या, आणि भिंतही कमी तापू लागली.

खरी मेख फीमध्ये आहे. ती बहुधा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. म्हणजे जो खर्च वाचवील, त्याचीच फी कमी! ही पद्धत आधी बदलायला हवी.

असो. आर्किटेक्टची फी एकदाच द्यावी लागते, विजेचे बिल मात्र दरमहा येते. बाळांनो, नकाशावर सही करताना एवढे लक्षात ठेवा.