भूतदया आणि भुकेला माणूस

भूतदया हा आमच्या लोकांचा जुना सद्‌गुण होय. व्यापाऱ्यांच्या वह्यांत धर्मादायाचे खाते निराळे असे व त्यातून गाईस चारा, पारव्यांस दाणा मिळे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्यांच्या औदार्याने १८३४ साली मुंबईस पांजरापोळ उभा राहिला. या गुणास आम्ही नावे ठेवीत नाही. प्रश्न एवढाच की, मुक्या जनावरासाठी सैल होणारा हात शेजारच्या दरिद्री माणसापुढे का आखडतो?

हा प्रश्न चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशांत फार स्पष्ट दिसतो. १९७३ च्या एप्रिलात सरकारने व्याघ्रप्रकल्प आरंभिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे माडिया लोकांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे ताडोबाच्या वाघांची कीर्ती देशोदेशी गेली, हे चांगलेच झाले. परंतु मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकल्या. 'त्यांनी रानात जाऊ नये,' हे गादीवर बसून सांगणे सोपे आहे. मोहफुले व तेंदूपाने यांच्या चार पैशांवर ज्यांची मीठमिरची चालते, त्यांनी जावे तरी कोठे? मृत्यूनंतर सरकार भरपाई देते. पण तो मृत्यू टळावा म्हणून वाघाच्या चित्रापुढे द्रवणारे किती दाते पुढे येतात?

कोणी म्हणतील, जनावर मुके आहे, माणसास वाचा आहे. मग नवजात अर्भकास कोणती वाचा असते? डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावच्याच स्त्रियांस शिकवून घरोघर अर्भकांची शुश्रूषा करविली, व नवजातांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले. त्यास राजवाड्याएवढा खर्च लागला नाही. शिकविलेल्या बाया व साधी साधने पुरली.

आमच्या मते खरे कारण निराळेच आहे. गाय दात्यास उलट प्रश्न करीत नाही. गरीब माणूस करतो. गाईची जात व वर्तन कोणी पाहत नाही. माणसाची मात्र आधी पात्रता तपासली जाते. ज्या दानात केवळ पुण्य हवे व नाते नको, ते दान सोप्या वाटेनेच जाणार.

वस्तुतः या दोन दयांत वैर नाही. हेमलकशास डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकाऱ्यांकडून माकडाचे पिल्लू मागून घेतले, ते त्यांस धान्य देऊन. माडिया लोक माकड मारीत ते भुकेपोटी, हे त्यांनी ओळखले होते. आज तेथे प्राण्यांचे अनाथालय आहे, आणि शेजारीच माणसांचा दवाखाना व शाळाही आहे. ज्याचे पोट भरते तो रान राखतो. ज्याचे गुरू वाघाने नेले व कोणी विचारले नाही, तो रानाचा वैरी होतो.

म्हणून आमचे व्यापारी बंधूंस सांगणे इतकेच : चाऱ्याचा पैसा बंद करू नका. परंतु त्याच वहीत दुसरे खाते उघडा, आणि तितकाच पैसा रानाकाठच्या घरांतील जळण, औषध व अर्भकांसाठी लिहा. माणसास वगळून केलेली भूतदया अपुरीच. कारण माणूसही भूतांतलाच आहे.