जर्नल पूर्ण आहे, सहीही आहे. पण प्रयोग केला का?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. मालेगाव असो, मिरज असो की भिवंडी, दहावीचा निकाल लागला की घराघरांत मोबाईलवर कॉलेजांचे पसंतीक्रम भरले जातात. सायन्स घ्यायचं ठरलेल्या घरात प्रश्नही ठरलेले असतात. कट-ऑफ किती? नीटची बॅच कॉलेजातच आहे का? मुलीला जायला-यायला किती वेळ लागेल? फी हप्त्याने चालेल का? सगळे रास्त प्रश्न आहेत. पण लॅब आठवड्यातून किती वेळा उघडते, हे विचारणारे अब्बा-अम्मी फारसे भेटत नाहीत.

राज्य मंडळाच्या बारावीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी १०० गुण. त्यातले ७० लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. म्हणजे जवळपास एक तृतीयांश विषय लॅबमध्ये शिकायचा असतो. प्रत्यक्षात काय चालतं, ते बारावीच्या मुलांना विचारा. कॉलेजचा क्लासशी ‘टाय-अप’ असतो, त्याला इंटिग्रेटेड हे छान नाव असतं. मुलं दिवसभर क्लासमध्ये बसतात, कॉलेजचं तोंड कमी बघतात. डिसेंबरात मागच्या वर्षीचं जर्नल हातोहात फिरतं, निरीक्षणांचे आकडेसुद्धा तेच उतरवले जातात आणि जानेवारीच्या अखेरीस प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होते. तोपर्यंत काहींनी ब्युरेट हातात धरलेलीही नसते. गुण मात्र बहुतेकांना भरभरून मिळतात.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. २०१८ मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईने दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता याच ‘डमी’ प्रकारासाठी काढून घेतली. पण मशीनवर अंगठा उमटला म्हणजे प्रयोग झाला, असं होत नाही. आणि खरं सांगायचं तर या व्यवहारात एकटं कॉलेज दोषी नाही. “प्रॅक्टिकलमध्ये वेळ घालवू नको, एमसीक्यू सोडव” हे मुलांना घरातूनही सांगितलं जातं.

हा सल्ला निदान आज तरी चुकीचा आहे, आणि इथे भावनेचा प्रश्न नाही. जेईई मेनच्या अभ्यासक्रमात फिजिक्समध्ये प्रयोगकौशल्यांचा आणि केमिस्ट्रीमध्ये प्रात्यक्षिक रसायनाच्या तत्त्वांचा स्वतंत्र घटक आहे. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातही हे दोन्ही घटक आले. व्हर्नियर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब, डायोडचा आलेख, क्षाराचं पृथक्करण, टायट्रेशन, सगळं त्यात आहे. म्हणजे ज्या परीक्षेसाठी लॅब सोडली, तिच्याच अभ्यासक्रमात लॅब आहे. क्लासवाले म्हणतील, आम्ही ते फळ्यावर शिकवतो. शिकवतातही. पण काही गोष्टी फळ्यावर नीट कळत नाहीत.

पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या, बारावीत ते ठरलेलंच. ब्युरेटमध्ये गडद जांभळं द्रावण, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल आणि विरल सल्फ्युरिक आम्ल. पुस्तक सांगतं, फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. का? थंड द्रावणात पहिल्या थेंबांचा रंग पटकन जात नाही. न तापवलेल्या मुलाला वाटतं गुलाबी आलं, झालं, आणि तो तिथेच थांबतो. उत्तर साफ चुकतं. याच परमँगनेटबरोबर मोहरचा क्षार असेल तर तापवायची गरज नाही. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. द्रावण इतकं गडद की खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर घ्यायचं. शेवटी फिकट गुलाबी छटा अर्धा मिनीट टिकली पाहिजे. ‘फिकट’ म्हणजे किती फिकट, हे डोळ्यालाच शिकावं लागतं. दोन-तीन वेळा एक थेंब जास्त पडून सगळं जांभळं झालं, पुन्हा फ्लास्क धुवावा लागला, की मग हात बसतो. त्या चुकांसाठीच लॅब असते.

फिजिक्सचं तर घरीही करून बघता येतं. एका मजबूत दोऱ्याला कुलूप बांधा, टांगलेल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर मोजा, थोडंसं बाजूला ओढून सोडा. एक दोलन साधारण दोन सेकंदांचं. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले आणि तुम्ही एकच दोलन मोजलं, तर गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी ८.१ किंवा १२.१ येईल. वीस दोलनं मोजली तर तीच चूक वीस हिस्स्यांत वाटली जाते आणि उत्तर ९.७ च्या आसपास येतं. ‘वीस दोलनं का घेतो?’ हा तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. ज्याने कुलूप हलवून पाहिलंय त्याला त्याचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

आपल्या जलशांत इब्न अल-हैथमचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. बसऱ्यात सुमारे ९६५ साली जन्म, पुढे काहिरा, ‘किताब अल-मनाझिर’. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्याने केलं काय, ते मात्र क्वचित सांगितलं जातं. अंधाऱ्या खोलीच्या छोट्या छिद्रासमोर त्याने अनेक दिवे ठेवले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला, बाकीचे जागेवर राहिले. प्रकाशकिरण एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याने असं दाखवलं. मेणबत्त्या आणि पुठ्ठा घेऊन अकरावीची मुलगी हे एका संध्याकाळी करू शकते. त्याच्या नावाचे कॅलेंडर छापण्यापेक्षा ते बरं.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी लॅबचं मोल आणखी वेगळं आहे. दहावीपर्यंत तेज़ाब आणि असास, अकरावीत एकदम अ‍ॅसिड आणि बेस. मराठी माध्यमवाल्यांनाही आम्ल-आम्लारीवरून हीच उडी मारावी लागते. वर्गातल्या इंग्रजीत ही मुलं मागे पडतात, गप्प बसतात. पण लिटमस लाल झाला तो सगळ्यांसमोर झाला, तिथे भाषा आड येत नाही. वस्तू आधी दिसली की तिचं इंग्रजी नाव लवकर चिकटतं.

आणि सगळीच मुलं डॉक्टर होत नाहीत. नीटमध्ये नंबर न लागलेल्या आपल्या कितीतरी मुली बी.फार्म, डी.फार्म, लॅब टेक्निशियनकडे वळतात. तिथे पहिल्या दिवसापासून पिपेट हातात घ्यावी लागते. बारावीत ती न धरलेली मुलगी तिथे कशी उभी राहणार?

घरातही हे ज्ञान कामाला येतं. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. ज्या मुलीने लॅबमध्ये हे हाताने केलंय, ती अम्मीला वेळेवर थांबवेल. लॅबमध्ये ओढणी किंवा स्कार्फची टोकं एप्रनच्या आत खोचलेली हवीत आणि बर्नरजवळ सिंथेटिक कापड नको, हेही मुलींना घरूनच सांगून पाठवा.

समाजाच्या संस्था चालवणाऱ्या मंडळींनाही एक विचारायचं आहे. वीस मुलांच्या एका बॅचला पुरतील एवढ्या ब्युरेटी एका मध्यम किमतीच्या मोबाईलच्या पैशात येतात. कमान आणि सभागृहाला देणगीदार मिळतात, मग यासाठी का मिळू नयेत? ज्यांच्याकडे लॅब आहे त्यांनी रविवारी शेजारच्या कॉलेजच्या मुलांना ती उघडून दिली तरी बरंच होईल. मुंबईत गोवंडीला लागूनच, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशाचे विज्ञान ऑलिम्पियाडचे संघ तिथे तयार होतात. आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिम्पियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात, केमिस्ट्रीत ४० टक्के. गोवंडीतल्या किती पालकांना हे केंद्र माहीत आहे?

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा ऑफिसातून परस्पर परतू नका. लॅब दाखवा म्हणा. एका बॅचमध्ये किती मुलं, किती जणांत एक ब्युरेट, शुक्रवारी दुपारी प्रॅक्टिकल आलं तर जुम्यासाठी बॅच बदलून मिळते का, हे तिथेच विचारून घ्या. आणि सिंककडे एक नजर टाका. चालू वर्षाच्या मध्यावर ते कोरडं ठणठणीत असेल आणि बाटल्यांवर धूळ असेल, तर माहितीपत्रकात काय छापलंय ते वाचायची गरज नाही.