इंटेलचा पीसी सेकंड हँड घेताय? आधी बायोस बघा

ग्राफिक्स कार्ड चांगलं, तरी गेम उघडताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा मेसेज येऊन सगळं बंद. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्या कित्येकांना २०२४ मध्ये हा त्रास झाला. लोक बिचारे ग्राफिक्स कार्डला दोष देत बसले, दुखणं होतं प्रोसेसरमध्ये.

प्रोसेसर मदरबोर्डकडे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यात उष्णतेची भर पडली की आतला क्लॉकचा सर्किट वेळेआधीच झिजायचा. मदरबोर्ड कंपन्याही काही साध्या नाहीत. बेंचमार्कमध्ये आपला बोर्ड पुढे दिसावा म्हणून कित्येक बोर्डांवर पॉवरची मर्यादा इंटेलने सांगितल्यापेक्षा सैल ठेवलेली होती, तीही डिफॉल्ट म्हणून! ग्राहकाने बायोस उघडलाही नसेल, तरी त्याचा प्रोसेसर जादा पॉवर खात होता.

इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड दिले. बायोस अपडेटमधून ते आपल्यापर्यंत येतात. पण अडचण अशी, की अपडेट पुढची झीज रोखतं, झालेली भरून काढत नाही. म्हणून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. बॉक्समधल्या प्रोसेसरला ती खरेदीपासून जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. लॅपटॉपवाल्यांनी घाबरू नका, त्यांचे प्रोसेसर यात येत नाहीत असं इंटेलचं म्हणणं आहे.

आता हेच प्रोसेसर जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात. विकणारा ‘बायोस अपडेटेड आहे’ म्हणेल, पण अपडेट कधी केला ते विचारा. वर्षभर जुन्या बायोसवर तापलेला प्रोसेसर काल अपडेट केला तर काय उपयोग? मूळ बिल मागा, आणि एखादा जड गेम तासभर चालवून बघा.

तुमच्याकडे आधीच असा पीसी असेल तर विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाका, बायोसची तारीख दिसेल. सप्टेंबर २०२४ च्या आधीची असेल तर अपडेट कराच. फाइल बोर्डाच्या नेमक्या मॉडेलचीच घ्या, बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा आणि लाइट जायची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. अपडेटनंतर सेटिंग्ज बहुधा मूळपदावर जातात. तेव्हा ‘इंटेल डिफॉल्ट’ प्रोफाइल निवडा, रॅमचं एक्सएमपी पुन्हा चालू करायचं की नाही ते नंतर बघता येईल.