लेख एआयने लिहिला, पण गूगलवर दिसेल का?

एआयला विषय द्यायचा, दिवसाला वीस लेख वेबसाइटवर टाकायचे आणि जाहिरातींचे पैसे मोजत बसायचे. असं सांगणारं रील तुम्ही एकदा तरी पाहिलंच असेल. एखाद्या मित्राने डोमेन घ्यायला तुमच्याकडे कॉन्ट्रीही मागितली असेल. पैसे काढण्याआधी थोडं थांबा.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, लेख एआयचा आहे हे कळलं तर गूगल तो खाली ढकलतं का? याचं उत्तर गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्येच दिलंय. लेख कसा तयार झाला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या कामाचा आहे का, हे बघितलं जातं. म्हणजे एआय वापरला म्हणून शिक्षा नाही. मात्र मार्च २०२४ मध्ये नियम कडक झाले. निव्वळ रँकसाठी ढिगाने पाडलेली पानं स्पॅम ठरतात, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. अशी पानं मागे पडतात किंवा सर्चमधून गायबच होतात. दिवसाला वीस लेखांची आयडिया नेमकी इथेच अडकते.

दुसरी भानगड चुकांची. अमेरिकेतल्या सीनेट या नावाजलेल्या वेबसाइटने पैशांविषयीचे ७७ लेख एआयकडून लिहून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये त्यातल्या ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. १० हजार डॉलर ३ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १०,३०० डॉलरची कमाई होते, असं एका लेखात होतं. व्याज होतं फक्त ३०० डॉलर! संपादक असलेल्या ठिकाणी ही गत, तर आपल्या रूमवरच्या वेबसाइटचं काय?

पटत नसेल तर स्वतः करून बघा. विषय घ्या आपल्या मारबतीचा. एआय काय लिहील? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघते, काळी मारबत आणि पिवळी मारबत असते, इडापिडा जाते. सगळं बरोबर, पण हे शंभर ठिकाणी आधीच आहे. गूगलने एकशे एकावं पान वर काहून आणावं? आता तुम्ही लिहा: यंदा बडग्यांनी कोणाची टर उडवली, इतवारीच्या गर्दीत कुठे उभं राहिलं की नीट दिसतं, गाडी कुठे लावावी. सोबत स्वतः काढलेले फोटो टाका. गूगलच्या दर्जा तपासणीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डिसेंबर २०२२ पासून ‘अनुभव’ हा निकष आहे, तो हाच.

एकाच वेबसाइटवर असे दहा लेख एआयचे आणि दहा तुमचे टाका. विषय साधारण सारखेच ठेवा. सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात लेख किती वेळा दिसला, किती क्लिक आले आणि सरासरी कितव्या नंबरवर होता, ते तीन महिने लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यातल्या आकड्यांवर हुरळून जाऊ नका.

आणि वरचा नंबर मिळाला तरी क्लिक मिळेलच असं नाही. आता गूगल स्वतःच एआयने केलेला सारांश वर दाखवतं. प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधला अमेरिकी लोकांचा वापर तपासला. सारांश नसताना १५ टक्के वेळा लोकांनी खालच्या लिंकवर क्लिक केलं. सारांश असताना फक्त ८ टक्के वेळा. जे एका सारांशात मावतं, त्यासाठी तुमच्या वेबसाइटवर कोणी कशाला येईल?

तेव्हा एआयकडून शुद्धलेखन तपासून घ्या, मुद्दे लावून घ्या, हेडिंग सुचवून घ्या. पण लिहायच्या आधी एक चक्कर इतवारीत मारून या. तेवढं काम त्याला जमत नाही, आणि तुमच्या लेखाची किंमत त्या चकरेतच आहे.