अपग्रेडनंतर संगणक रखडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि घरातल्या, दुकानातल्या, संस्थांच्या ऑफिसातल्या संगणकांवर विंडोज ११ चढलं. कुणी पडद्यावर आलेल्या सूचनेला ‘हो’ म्हणून चढवलं, कुणी ओळखीच्या मुलाकडून चढवून घेतलं. त्यानंतरची तक्रार सगळीकडे एकच: मशीन स्लो झालं. सुरू व्हायला पाच मिनिटं, ब्राउझर उघडायला दोन, आणि टॅली उघडावं तर नुसतं गोल फिरत बसतं. मग माणसं फॉरमॅट मारून आणतात, नाहीतर एखादा फुकटचा ‘बूस्टर’ टाकतात, नाहीतर नव्या लॅपटॉपचे भाव विचारायला लागतात. माझं सांगणं इतकंच, की यातलं काहीही करण्याआधी नेमकं काय अडलंय ते बघा. ते बघायला पैसे पडत नाहीत आणि तंत्रज्ञही लागत नाही.

पहिले एक-दोन दिवस मात्र काहीच करू नका. अपग्रेड संपल्याची सूचना आली तरी आतलं काम संपलेलं नसतं. तुमच्या सगळ्या फायलींची शोधसूची नव्याने बनत असते, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर पूर्ण डिस्क तपासत असतो, राहिलेले ड्रायव्हर मागून उतरत असतात. वनड्राइव्हने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर वर चढवायला घेतले असतील तर तेही चालूच. लॅपटॉप असेल तर एक रात्र चार्जर लावून, झोपेची म्हणजे स्लीपची सेटिंग बंद करून तसाच चालू ठेवा. झाकण मिटलं की हे सगळं थांबतं, आणि रोज दोन तास वापरून मिटणाऱ्याकडे तेच काम आठवडाभर रेंगाळतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे रात्री लाइट जाते असं असेल, तर हे दिवसा उरका.

आणखी एक. आपण रोज रात्री संगणक ‘शटडाउन’ करतो, म्हणून तो रोज ताजा सुरू होतो असा समज आहे. तसं होत नाही. विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात होते ती ‘रीस्टार्ट’ने. त्यामुळे रोज इमानेइतबारे बंद होणाऱ्या मशीनवर ‘अप टाइम’, म्हणजे सलग चालू राहिल्याचा काळ, पंधरा-वीस दिवस दिसला तर चकित होऊ नका. एकदा रीस्टार्ट करा, कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

दोन-तीन दिवसांनीही तेच रडगाणं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. वरच्या ओळीत सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने आणि प्रत्येकावर टक्के दिसतील. मशीन रखडलेलं असतानाच हे बघायचं, आणि निदान दोन-तीन मिनिटं बघत राहायचं, कारण सुरुवातीचे आकडे उड्या मारतात. जो रकाना नव्वदच्या वर जाऊन खाली यायचं नाव घेत नाही, तिथे अडलंय. त्या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केलंत की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.

माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तो रकाना डिस्कचा असतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं. एचडीडी असेल तर एक विचित्र दृश्य दिसेल: डिस्क शंभर टक्के कामात, पण वाचन-लेखन मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. एवढी राबतेय आणि एवढंच देतेय? कारण जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि एक सुई तिच्यावर पुढेमागे सरकत माहिती शोधते. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. विखुरलेले बारीक बारीक तुकडे मागितले तर ती सेकंदाला शंभराच्या आसपासच आणून देऊ शकते. तलाठी ऑफिसात एकच शिपाई आणि रेकॉर्ड रूम मागच्या इमारतीत, तशातली गत. विंडोज ११ मागे एकाच वेळी कितीतरी कामं चालवतं आणि प्रत्येकाला आपला कागद आत्ताच हवा असतो. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तीच बारीक मागणी ती सेकंदाला हजारोंनी पुरी करते.

इथे एक गोम आहे. विंडोज ११ चढवण्याआधी संगणक पात्र आहे का ते तपासलं जातं. प्रोसेसर पुरेसा नवा हवा, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, ४ जीबी रॅम हवी, ६४ जीबी जागा हवी. पण ती जागा फिरत्या तबकडीवर आहे की एसएसडीवर, हे कुणी विचारत नाही. २०१८ ते २०२० च्या सुमारास आपल्याकडे विकले गेलेले कित्येक लॅपटॉप प्रोसेसरला चांगले आणि डिस्कला मात्र १ टीबीची हार्ड डिस्क असे होते. ‘१ टीबी’ हा आकडा बघूनच आपण ते घेतले. हे सगळे परीक्षेत पास होतात आणि दुसऱ्या दिवसापासून रखडतात. अशा मशीनला सेटिंग्ज बदलून फार तर इकडचं तिकडे होईल. त्याला एसएसडीच लागते, आणि ती बसवल्यावर सहा-सात वर्षांचा लॅपटॉपही घरच्या कामाला मजेत चालतो. २५६ जीबीची बहुतेकांना पुरते. फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्यावेत.

हार्ड डिस्कमधून टक्‌टक् आवाज येत असेल, किंवा एखादी फाइल कॉपी होता होता दर वेळी तिथेच अडकत असेल, तर मात्र वेगाचा विचार बाजूला ठेवा. अपग्रेडमध्ये डिस्कवर प्रचंड लिहिलं-वाचलं जातं, आणि आधीच थकलेली डिस्क त्याच वेळी उघडी पडते. अशा वेळी पहिलं काम एकच: फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घेणं. आज, उद्या नव्हे.

एसएसडी असूनही डिस्कचा रकाना भरलेला असेल तर सी ड्राइव्ह किती मोकळा आहे ते बघा. दुकानदारांची जुनी सवय अशी, की सी ला शंभरेक जीबी द्यायचे आणि बाकीची जागा डी आणि ई मध्ये वाटायची. मग डी ओसाड आणि सी मध्ये पाय ठेवायला जागा नाही. त्यात अपग्रेडने जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं असतं, ते वीस-वीस जीबी अडवतं. ते घाईने उडवू नका. नवं विंडोज अजिबात मानवलं नाही तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने मागे फिरता येतं, ते याच फोल्डरच्या जोरावर. दहा दिवसांनी विंडोज तो स्वतःच काढून टाकतं. मागे फिरायचंच ठरलं, तर घरगुती वापरासाठी विंडोज १० च्या सुरक्षेची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे आणि तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं, हेही ध्यानात असू द्या. नोंदणी न करता तसंच चालवत राहणं, आणि त्याच मशीनवर नेटबँकिंग करणं, हे मला पटत नाही.

मेमरीचा रकाना भरलेला असेल तर हिशेब सरळ आहे. ४ जीबीतली निम्मी-अर्धी रॅम विंडोजच घेतं, उरलेल्यात ब्राउझरचे बारा टॅब आणि व्हॉट्सॲप बसत नाहीत. मग जे मावत नाही ते डिस्कवर टाकलं जातं, आणि डिस्क हार्ड डिस्क असेल तर पुढचं तुम्हाला माहीत आहेच. ‘परफॉर्मन्स’मधल्या मेमरीत किती खाचा आहेत आणि किती वापरात आहेत तेही दिसतं. ‘दोनपैकी एक’ असं दिसलं तर आणखी ४ जीबीची पट्टी टाकून ८ करता येतात. दुकानात जाताना लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर आणि रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते लिहून न्या. तोवर फुकटचा उपाय म्हणजे टास्क मॅनेजरमधली ‘स्टार्टअप ॲप्स’ची यादी. मशीन सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्राम तिथे असतात आणि प्रत्येकाचा भार किती तेही लिहिलेलं असतं. प्रिंटरचा मदतनीस, गाणी वाजवणारा, मीटिंगवाला, कधीकाळी टाकलेला टोरंटवाला, हे सगळे ‘डिसेबल’ करा. त्याने ते काढले जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय उठत नाहीत. ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याला मात्र हात लावू नका.

सीपीयू भरलेला दिसला आणि व्हिडिओ अडखळत असेल, पान वर सरकवताना झटके बसत असतील, तर डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव असेल तर तुमच्या ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि चित्राचं सगळं ओझं प्रोसेसर वाहतोय. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून तो उतरवून घ्या. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. डिफेंडर विंडोजबरोबर येतोच आणि घरगुती वापराला तो पुरतो. पंखा सतत घोंगावत असेल तर धूळ साफ करून घ्या, तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

आता व्हिडिओंतल्या कर्मकांडाबद्दल. ‘टेंप’ आणि ‘प्रीफेच’ फोल्डर रोज रिकामे करा, असं हजारजण सांगतात. टेंप रिकामा केल्याने जागा थोडी मोकळी होते, वेग वाढत नाही. प्रीफेचमध्ये तर प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या नोंदी असतात. त्या पुसल्या की पुढच्या वेळी प्रोग्राम उलट सावकाश उघडतो. रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, रॅम बूस्टर यांच्या वाटेला जाऊच नका. यातले बरेचसे स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. आणि स्लो मशीनवर उपाय शोधताना पडद्यावर भोंगा वाजवत ‘तुमचा संगणक बाधित आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं तर तो नंबर फिरवू नका. मायक्रोसॉफ्ट असे फोन नंबर पडद्यावर फेकत नाही. कुणाला एनीडेस्कसारख्या, दुरून संगणक हाताळू देणाऱ्या ॲपवरून आत घेतलं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

इतकं बघून झालं की मग दुकानात जा, हरकत नाही. पण ‘स्लो झालंय, बघा जरा’ असं सांगितलंत की समोरून ‘फॉरमॅट मारून देतो’ येणारच, कारण त्याला ते सगळ्यात सोपं. ‘डिस्क शंभर टक्क्यांवर अडकतेय, हार्ड डिस्क आहे, एसएसडी टाकून आहे ते विंडोज तसंच क्लोन करून द्या’ असं सांगा. नुसत्या फॉरमॅटने टॅलीचा डेटा, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, डीटीपीवाल्यांचे जुने फॉण्ट, प्रिंटरची जुळणी हे सगळं जातं, आणि डिस्क तीच राहिल्यामुळे महिन्याभरात रखडणं परत येतं. मशीन हातातून सोडण्याआधी बॅकअप घ्या. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती नसेल तर डिस्क उघडणं दुकानदारालाही जमणार नाही. आणि येताना काढलेली जुनी डिस्क मागून घ्या. तिच्यावर तुमचे फोटो आणि पासबुकांचे स्कॅन आहेत, ती दुकानाच्या खोक्यात पडून राहण्याची वस्तू नाही. दोन-एक महिने मशीन नीट चालतंय, काही राहून गेलेलं नाही, अशी खात्री होईपर्यंत ती कपाटात ठेवा, आणि पुसायचीच असेल तर तिच्यावरचे फोटो-व्हिडिओ दुसरीकडे उतरवून मगच पुसायला घ्या.