यंत्राशी लग्नगाठ : प्रश्न यंत्राचा की एकाकीपणाचा?

४ नोव्हेंबर २०१८ रोजी जपानमधील टोकियो शहरात एक विवाहसमारंभ पार पडला. वर होते ३५ वर्षांचे अकिहिको कोंडो, एका शाळेतील कार्यालयीन कर्मचारी. वधूचे नाव हात्सुने मिकू. निळसर-हिरव्या केसांची ही तरुणी सुरेख गाते. मात्र ती कोणाच्या पोटी जन्मलेली नाही. २००७ साली बाजारात आलेल्या एका गायन-सॉफ्टवेअरचा ती चेहरा आहे. कोंडो यांच्या घरी एका काचेच्या नळकांड्यात तिची प्रकाशप्रतिमा उमटत असे आणि साध्या प्रश्नांना उत्तरे देत असे. समारंभावर सुमारे २० लाख येन खर्च झाले, चाळीसेक पाहुणे आले. वराची आई आली नाही. अशा विवाहाला जपानचा कायदा मान्यता देत नाही, हे वेगळे सांगायला नको.

त्या वेळी ही बातमी जगभर एक गंमत म्हणून छापली गेली. आज तिच्याकडे तसे पाहता येत नाही. माणसासारखे संभाषण करणारी संगणकीय साधने आता प्रत्येक मोबाईलवर आली आहेत, आणि त्यांतील काही तर 'मित्र', 'प्रेयसी' किंवा 'जोडीदार' म्हणूनच विकली जातात. डेव्हिड लेव्ही या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने २००७ साली आपल्या पुस्तकात २०५०च्या सुमारास यंत्रमानवांशी विवाह कायदेशीर होतील, असे भाकीत केले होते. तेव्हा ते अतिशयोक्त वाटले होते.

माणूस यंत्राच्या प्रेमात पडू शकतो का? आमच्या मते याचे उत्तर स्पष्टपणे 'होय' असे आहे आणि ते जुने आहे. १९६६ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. समोरच्याने टाईप केलेले वाक्यच थोडे फिरवून तो प्रश्नरूपाने परत करीत असे. यापलीकडे त्याला काहीही कळत नव्हते. वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंना ही करामत ठाऊक होती. तरीही काही वेळ त्या यंत्राशी 'बोलल्यावर' त्यांनी आपल्या साहेबांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, कारण संभाषण खासगी होऊ लागले होते! या अनुभवाने वायझेनबॉम इतके अस्वस्थ झाले की पुढे ते संगणकाच्या अंध भक्तीचे कठोर टीकाकार बनले. जीव लावणे हा माणसाचा स्वभाव आहे. लहान मूल चिंध्यांच्या बाहुलीला जीव लावते, शेतकरी आपल्या बैलाला लावतो. त्यात पाप नाही.

परंतु जीव लावणे एकट्याला जमते. नाते एकट्याने होत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील दुसरा अध्याय येथे आठवतो. मनुष्याने एकटे असणे बरे नव्हे, हे देवाच्या ध्यानात येते. मग सर्व प्राणी आदामासमोर आणले जातात आणि तो त्यांना नावे देतो. ते त्याच्या अधीन आहेत, उपयोगी आहेत. पण त्यांत त्याला साजेसा सहकारी सापडत नाही. जिला पाहताच त्याला आपल्याच हाडामांसाची ओळख पटते, ती स्त्री त्याने घडविलेली नाही. तिला देवाने घडविले, आणि तेव्हा आदाम झोपेत होता. आपल्या मापाने बेतलेला जोडीदार ही कल्पनाच या कथेला परकी आहे.

ख्रिस्तसभेच्या कॅनन कायद्याचे कलम १०५७ हेच कायद्याच्या भाषेत सांगते. विवाह घडतो तो परस्परांच्या संमतीने, म्हणजे पुरुष व स्त्री यांनी स्वेच्छेने एकमेकांना स्वतःचे दान करण्याने आणि ते दान स्वीकारण्याने. ही संमती दुसरे कोणीही देऊ शकत नाही. जो 'नाही' म्हणू शकतो, त्याच्याच 'होय'ला मोल असते. नाझरेथमध्ये देवदूतानेही पवित्र मरियेच्या उत्तराची वाट पाहिली. संभाषणयंत्र मात्र नेहमीच 'होय' म्हणते. ते रुसले तरी आपण सांगितले म्हणून रुसते.

येथे एक कटू गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. कधीही उलट न बोलणारी, स्वतःचे मत नसलेली आणि हाक मारताच हजर होणारी पत्नी हवी, ही इच्छा यंत्रांनी निर्माण केलेली नाही. ती आपल्या अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. यंत्रविक्रेत्यांनी फक्त तिचे गिऱ्हाईक ओळखले.

शिवाय हा जोडीदार आपला नसतोच; तो कंपनीच्या मालकीचा असतो. मार्च २०२०मध्ये कोंडो यांच्या यंत्रातील मिकूची सेवा उत्पादक कंपनीने बंद केली आणि विवाहानंतर दीड वर्षातच काचेतली वधू अबोल झाली. त्यांचे प्रेम त्यानंतरही टिकले, असे ते सांगतात. फेब्रुवारी २०२३मध्ये 'रेप्लिका' या ॲपने आपल्या यंत्रसोबत्यांचे प्रणयी बोलणे एकाएकी आखडते घेतले, तेव्हा असंख्य वापरकर्त्यांनी घरात मृत्यू झाल्यासारखा शोक केला. काही आठवड्यांनी कंपनीने जुन्या ग्राहकांना पूर्वीची सोय परत दिली. ज्याचे 'प्रेम' संचालक मंडळाच्या ठरावाने थांबते आणि ठरावानेच पुन्हा सुरू होते, त्याला काय म्हणावे?

फेब्रुवारी २०२४मध्ये तर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका १४ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. अनेक महिने तो 'कॅरेक्टर एआय' या सेवेवरील एका काल्पनिक पात्रात भावनिकदृष्ट्या गुंतला होता, असे सांगत त्याच्या आईने ऑक्टोबर २०२४मध्ये न्यायालयात दावा दाखल केला. पुढे नोव्हेंबर २०२५मध्ये कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी असे मुक्त संभाषण बंद केले. या घटनेवर भाष्य करण्याऐवजी आम्ही पालकांना एवढेच विचारतो : आपले मूल रात्री कोणाशी बोलते, हे आपणांस ठाऊक आहे काय?

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी 'आंतिक्वा एत नोवा' हा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. यंत्राला खरी सहानुभूती असू शकत नाही आणि त्याला व्यक्ती म्हणून पुढे करू नये, असे त्यात बजावले आहे. फसवणुकीच्या हेतूने तसे करणे तर गंभीर नैतिक गुन्हा ठरतो. त्याआधी ऑक्टोबर २०२४मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'दिलेक्सित नोस' या परिपत्रकात एक घरगुती दाखला दिला होता. आई किंवा आजीसोबत करंज्यांसारखा पदार्थ करताना काट्याने त्याच्या कडा दाबणे ही आठवण कोणत्याही संगणकीय सूत्रात बसणार नाही, असे ते लिहितात. आम्हांला तो दाखला अनेक पानांच्या विवेचनाहून बोलका वाटला.

मात्र निषेध करून आपली जबाबदारी संपत नाही. कोंडो यांची पूर्वकथा फारशी सांगितली जात नाही. नोकरीच्या ठिकाणी सहकाऱ्यांनी त्यांचा छळ केला, ते खचले आणि दीर्घकाळ रजेवर घरात कोंडून राहिले. त्या दिवसांत मिकूच्या गाण्यांनी आपल्याला उभारी दिली, असे ते सांगतात. यंत्र त्यांच्या आयुष्यात शिरले ते माणसांनी दार लावून घेतल्यानंतर. जून २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रासलेली असल्याचे जाहीर केले. हे लोक आपल्या धर्मग्रामांतही आहेत. मुले परदेशी गेलेले वयोवृद्ध आहेत. स्थळे पाहून थकलेले, लग्नाच्या वयापुढे गेलेले तरुण आहेत. रविवारच्या मिस्सेनंतर दारापाशी कोणी थांबवून विचारपूस करत नाही म्हणून सरळ घरी जाणारी विधवा आहे.

विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत आपण नवदांपत्यांना कुटुंबनियोजन आणि घरखर्च यांविषयी सांगतो. मोबाईलमधील या 'तिसऱ्या'विषयीही आता तेथे एक तास ठेवावा, अशी आमची सूचना आहे. ज्यांचे लग्न झाले नाही किंवा होणार नाही, त्यांच्यासाठी मात्र कोणतेही शिबिर नाही. लहान ख्रिस्ती समूहांच्या पुढील बैठकीत गल्लीतील अशा पाच घरांची नावे लिहिली जावीत, आणि नावांसमोर कोण, कोणत्या वारी जाईल तेही.