मंद आच आणि मेक्सिकन कोंबडी

स्वयंपाकाला शिधा, पाणी आणि मीठ यांखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात : आच आणि वेळ. आच वाढविली म्हणजे वेळ वाचतो आणि वेळ हाताशी असला म्हणजे आच कमी करता येते. आपल्या आजीपणजींना हे गणित कोणी शिकविले नव्हते, परंतु त्यांच्या चुलीला वैल असे. चुलीवर भाकरी भाजली जात असताना वैलावर आमटी किंवा दूध मंद उष्णतेने आपोआप तयार होत राही. आज बाजारात ‘स्लो कुकर’ या नावाने जे विजेचे भांडे मिळते, ते म्हणजे भिंतीतील प्लगला जोडलेला वैलच होय.

या भांड्याचा उगम अमेरिकेत झाला. शिकागोचे संशोधक अर्विंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट १९४० साली मिळाले. युरोपातील ज्यू कुटुंबांत शब्बाथच्या दिवशी चूल पेटवीत नसत. म्हणून आदल्या संध्याकाळीच कडधान्य व मांस यांचे भांडे भट्टीच्या उरलेल्या उबेत ठेवून देत. आईकडून ऐकलेल्या या रीतीवरून आपल्याला कल्पना सुचली, असे नॅक्सन सांगत. पुढे १९७० च्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीने हे यंत्र विकत घेऊन ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघर पोहोचविले. आपल्याकडे बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. एकावर एक डबे रचून खाली थोडे निखारे ठेवावेत आणि आपल्या कामाला निघून जावे, अशी त्याची योजना होती.

आता प्रश्न असा की, चेन्नईच्या वेलचेरीसारख्या उपनगरात, जेथे पतिपत्नी दोघेही सकाळी कचेरीस जातात, तेथे या यंत्राचा खरोखर कितपत उपयोग आहे? अनेक राज्यांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे येथे एकाच इमारतीत राहतात. कोणाकडे अमेरिकेतील मुलाने स्लो कुकर पाठविलेला असतो, तर कोणाला त्यासोबत आलेल्या पुस्तिकेतील ‘मसालेदार मेक्सिकन कोंबडी’ करून पाहण्याची हौस असते. ही हौस चांगलीच आहे. मात्र अशा पुस्तिकेचा अनुवाद केवळ शब्दाला शब्द ठेवून करता येत नाही. त्यातील चार ठिकाणी शब्द बरोबर असूनही अर्थ चुकतो, आणि त्यांपैकी काही चुका जिवावर बेतणाऱ्या असतात.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ. मेक्सिकोतील प्वेब्ला प्रांतात ‘तिंगा’ नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. कांदा, टोमॅटो आणि धुरावर वाळविलेली ‘चिपोतले’ मिरची यांच्या रसात शिजविलेली कोंबडी बोटांनी तंतू-तंतू करून मक्याच्या पातळ भाकरीवर वाढतात. यातील मौज अशी की, मिरची ही मेक्सिकोच्या भूमीतील वस्तू पोर्तुगीजांच्या गलबतांमुळे सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. तर कोंबडी, जिचे पूर्वज आशियाच्या रानात हिंडत, ती स्पॅनिश लोकांबरोबर त्याच शतकात मेक्सिकोत पोहोचली. तेव्हा या पदार्थाला सर्वस्वी परका म्हणण्याचे कारण नाही. तामिळनाडूतही ‘पिच्चिप्पोट्ट कोळि’ म्हणजे पिंजून टाकलेली कोंबडी आवडीने खातात. (मराठी वाचकांनी दचकू नये, तामिळ भाषेत ‘कोळि’ म्हणजे कोंबडी!)

आता साहित्य. चार-पाच माणसांसाठी कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे तुकडे पाऊण किलो घ्यावेत. छातीचे मांस घेऊ नये. मांडीत स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट पदार्थ अधिक असतो. दीर्घकाळच्या मंद उष्णतेने तो विरघळून सरसासारखा मऊ होतो आणि तंतू सहज सुटतात. छातीत तो फारसा नसल्यामुळे तीच उष्णता तिला कोरडी व भुसभुशीत करते. दोन मोठे कांदे, चार पिकलेले टोमॅटो, सहा लसूण पाकळ्या, एक चहाचा चमचा भाजलेले जिरे, एक मोठा चमचा सिरका, सुपारीएवढा गूळ, दीड चहाचा चमचा मीठ आणि अर्धी वाटी पाणी एवढे पुरे होते.

मिरचीपाशी पहिला खड्डा आहे. अमेरिकन पुस्तिकेत ‘दोन मोठे चमचे चिली पावडर’ असे लिहिलेले असते. तेथे ही पूड म्हणजे बहुधा सौम्य मिरची, जिरे, ओरेगॅनो, लसूण आणि पुष्कळदा मीठ यांचे मिश्रण असते. तिच्याऐवजी आपले लाल तिखट तेवढ्याच मापाने घातले तर घरातील लहान मुले व वृद्ध उपाशीच उठतील. म्हणून आठ ब्याडगी मिरच्या रंगासाठी आणि दोन तिखट मिरच्या झणझणीतपणासाठी घ्याव्यात. चेन्नईच्या वाणसामानाच्या दुकानांत रामनाथपुरमची गोल ‘गुंडू’ मिरची मिळते, तीही चालेल. मिरच्यांच्या बिया काढून त्या कोरड्या तव्यावर क्षणभर भाजाव्यात, वीस मिनिटे कढत पाण्यात भिजवाव्यात आणि टोमॅटो, लसूण व जिरे यांसह वाटाव्यात. चिपोतलेचा धूरकट वास हवा असेल तर शेवटी पेटलेल्या कोळशावर तुपाचा थेंब टाकून धुंगार द्यावा. ओरेगॅनो नसल्यास खंत नको. पानओवा, ज्याला तामिळमध्ये ‘कर्पूरवल्ली’ म्हणतात, तो येथील कितीतरी सज्जांत कुंडीत वाढलेला असतो. त्याची दोन-तीन पाने चिरून घातली की गंध पुष्कळसा जुळतो.

कृती सोपी आहे. कांदा तेलावर गुलाबी परतावा, वाटण घालून पाच मिनिटे शिजवावे आणि उकळते असतानाच कुकरच्या भांड्यात ओतावे. त्यात कोंबडी, मीठ, गूळ, सिरका व पाणी घालावे. भांडे निम्म्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. पहिला तास ‘हाय’वर आणि पुढे चार ते पाच तास ‘लो’वर ठेवावे. मधूनमधून झाकण उघडण्याचा मोह आवरावा. प्रत्येक वेळी कोंडलेली उष्णता निसटते आणि शिजण्याचा वेळ लांबतो. शिजलेले तुकडे ताटात काढून दोन काट्यांनी तंतूंच्या दिशेने पिंजावेत, पुन्हा रसात मिसळावेत आणि पंधरा मिनिटे मुरू द्यावेत. मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड यांसह वाढावे.

दुसरा खड्डा राजम्याचा आहे. पुष्कळ पाककृतींत याच भांड्यात राजमा घालावयास सांगतात, पण तेथे त्यांच्या मनात डब्यातील शिजविलेला राजमा असतो. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. खळखळून उकळल्यानेच ते नष्ट होते; मंद, अर्धवट उष्णतेने त्याचा प्रभाव उलट वाढतो. असे चार-पाच दाणेही तीव्र ओकाऱ्या व जुलाब होण्यास पुरेसे ठरतात. म्हणून राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये पुरता शिजवावा आणि मगच या भांड्यात घालावा.

तिसरा खड्डा विजेच्या दाबाचा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, तर आपल्याकडे २३० व्होल्टची. तेथून आणलेले यंत्र केवळ प्लग बदलून आपल्या भिंतीत खोचणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. यंत्राच्या तळाशी लिहिलेला आकडा आधी वाचावा. तो केवळ १२० असेल तर योग्य क्षमतेचा दाब उतरविणारा ट्रान्स्फॉर्मर जाणकाराकडून बसवून घ्यावा, अथवा येथल्या दाबाचे यंत्रच घ्यावे. विजेच्या खर्चाची मात्र भीती नको. २०० वॉटचे भांडे सहा तास चालले तरी सव्वा युनिटहून अधिक वीज जळत नाही.

चौथा खड्डा सर्वांत खोल, आणि तो वेलचेरीकरांना अधिक परिचयाचा. पुस्तिका म्हणते : सकाळी भांडे लावा आणि निश्चिंतपणे कामाला जा. वीज जाणारच नाही, असे तीत गृहीत धरलेले असते. वेलचेरी ही पळ्ळिकरणैच्या पाणथळीशेजारची सखल वस्ती. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात येथील रस्ते पाण्याखाली गेले आणि वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. तेवढे संकट नसले तरी एखाद्या दुपारी दोन-तीन तास वीज जाणे हे आपल्या कोणत्याही शहराला नवे नाही. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले की त्यातील जंतू झपाट्याने वाढतात. काही जंतू असे विष सोडतात की, मागाहून कितीही उकळले तरी ते नष्ट होत नाही. साध्या खटक्याचे यंत्र वीज परत आल्यावर मुकाट्याने पुन्हा सुरू होते. संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला भांडे गरम दिसते, वासही छान येतो, आणि मध्ये काय घडले याचा पत्ताही लागत नाही.

यावर उपाय आहे. मांसाचे भांडे घरात कोणी नसताना लावूच नये. सुटीच्या दिवशी लावावे, किंवा रात्री दहाला लावून पहाटे चारच्या गजराने उठून उतरवावे. रात्री वीज गेली तर चेन्नईच्या उकाड्यात पंखा थांबताच झोप मोडते. इन्व्हर्टरवर पंखा चालत असेल तर त्याच्या सूचक आवाजाकडे लक्ष असावे. वीज जाताच सारा ऐवज प्रेशर कुकरमध्ये घालून गॅसवर शिजवून टाकावा. आपण घरी नसताना वीज गेली होती असे कळले आणि किती वेळ ते ठाऊक नसेल, तर ते अन्न टाकून द्यावे. अन्न टाकताना आपल्या संस्कारांना यातना होतात, हे खरे. परंतु पाऊण किलो कोंबडीची किंमत घरातील एका आजारपणाहून नेहमीच कमी असते.

गोठलेली कोंबडी तशीच भांड्यात घालू नये; आदल्या रात्री ती शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात मोकळी होऊ द्यावी. शिजलेल्या तुकड्याचा गाभा ७४ अंशांपर्यंत तापलेला असावा. मांस काट्याने विनासायास सुटत असेल तर ती पायरी कधीच ओलांडलेली असते. उरलेले अन्न त्या जाड मातीच्या भांड्यात निवत ठेवू नये, कारण ते फार सावकाश निवते. पसरट ताटात काढून तासाभरात शीतकपाटात ठेवावे आणि पुन्हा गरम करताना गॅसवर चांगली उकळी आणावी. ते काम स्लो कुकरचे नव्हे.

मग प्रेशर कुकर काय वाईट, असे कोणी विचारील. मुळीच वाईट नाही. हीच कोंबडी त्यात पंधरा-वीस मिनिटांत शिजते आणि ज्यांच्याकडे हे नवे यंत्र नाही त्यांनी ते विकत घेण्याची काहीच निकड नाही. मंद भांड्याचा लाभ एवढाच की, मे महिन्यात स्वयंपाकघर तापत नाही आणि कोणाला शेगडीपाशी उभे राहावे लागत नाही. घरातील ज्या व्यक्तीचा सारा जन्म शेगडीपाशी उभे राहण्यात जातो, तिच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे. सुटीच्या सकाळी भांडे लावावे, कोंबडी पिंजण्याचे काम मुलांकडे आणि भाकऱ्यांचे काम गृहस्थाकडे सोपवावे आणि गृहिणीने त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसावे. वैलावरच्या आमटीने आपल्या आजीला दुसऱ्या कामासाठी मोकळे केले. या वैलाने नातीला थोडी विश्रांती द्यावी, एवढीच अपेक्षा.